दुगुणीत ऐकलेलं

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत ज्ञानेशला मागून 'सेकंदकाटा' म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं. नुसतं माहीत होतं असं नाही, मनातून आवडतही होतं. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, हातात पॅड, आणि तो एखाद्या मशिनीसमोर जाऊन उभा राहिला की तिथला माणूस उगाचच भराभर हात चालवायला लागे. माणसं किती सेकंदांत काय करतात ते मोजायचं आणि त्यातलं काय वगळता येईल ते साहेबांना सांगायचं, ही त्याची नोकरी. इंदिरानगरमधला फ्लॅट, मुलीची शाळा आणि एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू झालेली रक्तदाबाची गोळी, हे सगळं या नोकरीवर उभं होतं.

कंपनीच्या दारातच 'आमची मूल्ये' असा मोठा फलक होता. त्यावर पाच मूल्यं होती, पण पाचव्यासमोर कुणीतरी पाण्याचा कूलर आणून ठेवल्यामुळे चारच सगळ्यांना पाठ होती. पहिलं मूल्य म्हणजे वेळ. ज्ञानेशच्या कागदावर कामाचे दोनच प्रकार असत, किंमत वाढवणारं आणि न वाढवणारं. न वाढवणाऱ्यावर तो लाल पेनानं गोल करी. गोरक्ष नावाचा एक जुना कामगार होता. तो प्रत्येक ओतीव नग मशिनीला लावण्याआधी छोट्या पान्यानं त्यावर टिचकी मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. त्यात दोन सेकंद जात. दिवसाला चारशे नग, म्हणजे तेरा मिनिटं वीस सेकंद. ज्ञानेशनं त्यावर लाल गोल केला.

"साहेब, आत तडा असला तर ऐकल्याशिवाय कळणार कसं?" गोरक्षनं विचारलं.

"त्याला पुढं तपासणी आहे. तुम्ही ऐकायचं नाही, लावायचं," ज्ञानेश म्हणाला. तेरा मिनिटं वीस सेकंद वाचवल्याबद्दल त्या महिन्यात त्याचा फोटो त्याच फलकाशेजारी लागला.

आता हा गुण माणूस कंपनीच्या गेटवर ठेवून घरी येतो असं थोडंच आहे! ज्ञानेश नाश्ता उभ्यानं करायचा. पल्लवी, त्याची बायको, म्हणायची, "तुम्ही चहा पीत नाही हो, चहा संपवता." डॉक्टरांनी ताण कमी करा म्हणून सांगितलं, तर त्यानं मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलं आणि तेही दीडपट वेगानं लावलं. 'दीर्घ श्वास घ्या' म्हणणारी ती बाई त्याच्या कानात धापा टाकत बोलायची. व्हॉट्सॲपवर येणारे आवाजी निरोप तर तो सरसकट दुप्पट वेगानं ऐकायचा. साहेबांचे, मुलीच्या वर्गशिक्षिकेचे, मेहुण्याचे, सगळ्यांचेच. सगळी माणसं त्याच्या कानात चिमण्यांसारखी किलबिलत आणि त्याचा अर्धा वेळ वाचे. आईचा साधा फोन तेवढा दुप्पट वेगानं ऐकता येत नाही, याचं त्याला खरोखरच वाईट वाटे.

या दुप्पट वेगाला पखवाजात दुगुण म्हणतात. आणि ज्ञानेशला दुगुण शिकवली ती वाळूबुवांनी.

वाळूबुवा हे काही वर्तमानपत्रात नाव येणारं माणूस नव्हे. मखमलाबादेत तीस गुंठे रान. त्यात शेवंती, झेंडू, थोडी गुलछडी. पहाटे फुलं तोडायची, नाशिकच्या फुलबाजारात पोचती करायची आणि उरलेल्या दिवसात पखवाज. ना आकाशवाणी, ना पुरस्कार. पण पंचक्रोशीतल्या कुठल्याही भजनात 'बुवा आले' म्हटलं की टाळकरी पाय आवरून नीट बसत. ज्ञानेशचं घर त्याच गल्लीत होतं. वयाच्या नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत तो रोज संध्याकाळी बुवांच्या ओसरीवर होता, आणि जाताना हातात कणकेचा गोळा असे.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय तिला घुमारा येत नाही. बिनमिठाची, बिनतेलाची कणीक. फार सैल झाली तर हाताला येते, फार घट्ट झाली तर धूम बोलत नाही. बुवांकडं फी नव्हती. ज्यानं शिकायचं त्यानं घरून कणीक मळून आणायची, एवढंच. वाजवून झालं की ती खरवडून गाईला घालायची. "कणकेत घाई केली का धूम रुसती," बुवा म्हणायचे. आणि दुसरं एक म्हणायचे, जे ज्ञानेश पुढं पार विसरून गेला: "ठायीत वाजव रे ज्ञाना, ठायीत. दुगुणीत चूक झाकती, ठायीत उघडी पडती." ठाय म्हणजे संथ, मूळ लय.

त्या ओसरीवर ज्ञानेशच्या कानात जे घड्याळ बसलं त्यावरच तो आज पोट भरत होता. मशीन अर्ध्या सेकंदानं मागं पडलं तरी त्याला स्टॉपवॉच न बघता कळे. साहेबांना वाटे हा इंजिनिअरिंगचा गुण. खरं म्हणजे तो कणकेचा गुण होता.

सोळाव्या वर्षीची एक गोष्ट. भर भजनात, पन्नास माणसांसमोर, बुवा समेवर आले आणि ज्ञानेश चटकन बोलून गेला, "बुवा, अर्धी मात्रा खाल्ली तुम्ही." टाळ थांबले. सगळ्यांना वाटलं, आता पोराच्या कानाखाली आवाज निघणार. बुवांनी डोळे मिटून ती आवर्तनं मनात परत मोजली आणि मग खो खो हसले. "खाल्ली रे खाल्ली! खोटं बोलायला आख्खी पंचक्रोशी हाय माझ्याकडं. खरं बोलायला एक ज्ञाना."

ते वाक्य बुवांनी शेवटपर्यंत पाळलं. नात पूजानं त्यांना मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी ज्ञानेशला त्यांचं वाजवणं येई आणि खाली एकच ओळ असे. ऐक आन् खरं सांग. सुरुवातीला ज्ञानेश निवांत ऐकायचा, चार ओळी लिहायचा. मग दोन ओळी. मग हात जोडल्याचं चित्र. उतरत्या भाजणीत माणूस कसा घसरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. कागद काढून मोजलं तरच कळतं, आणि स्वतःला मोजायची ज्ञानेशला सवय नव्हती.

कार्तिकातला मंगळवार होता. बाहेरच्या मोठ्या गिऱ्हाईक-कंपनीची माणसं महिन्याभरानं तपासणीला यायची होती आणि ज्ञानेश कंपनीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन तक्ते भरत होता. पावणेआठला बुवांचा निरोप पडला. चौदा मिनिटं दहा सेकंद. त्यानं लगेच कानात घातला. मान द्यायचा म्हणूनच लगेच, हेही खरं. बोट सवयीनं दुप्पट वेगावर गेलं. बस खडखडत होती, तक्त्यात एक बेरीज जुळत नव्हती, कानात काहीतरी चुरुचुरु बोलणं झालं, मग पखवाज धावत सुटला, तडतडतड, आणि संपलासुद्धा. ज्ञानेशनं लिहिलं, 'एक नंबर बुवा! हात अजून तोच.' आणि पुढं अंगठा. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! बेरीज मात्र त्यानं तीनदा तपासली.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी वाळूबुवा शेवंतीच्या वाफ्यात फुलं तोडता तोडता डाव्या अंगावर कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

भजनी मंडळाचे म्हातारे सावळीराम यांचा फोन आला तेव्हा ज्ञानेश मिटिंगमध्ये होता. तो गेला, नाही असं नाही. तासभर उभा राहिला, खांदा दिला, रडलाही. पण दशक्रियेच्या दिवशी नेमकी ती तपासणी आली आणि घाटावर पल्लवी एकटीच गेली. बुवांची बायको, नवसाबाई मावशी, तिला तिथं भेटल्या. संध्याकाळी तिनं सांगितलं, "मावशी विचारत होत्या, ज्ञाना नाही आला का म्हणून." ज्ञानेश म्हणाला, "आज खरंच शक्य नव्हतं गं." तपासणीत कंपनीला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण मिळाले होते आणि त्याला ते सांगायचं होतं. त्यानं सांगितलं नाही, एवढी लाज शिल्लक होती म्हणायची.

बुवांच्या महिन्याला मंडळानं भजन ठेवलं. सावळीरामांनी फोन केला. "ज्ञानेश, बुवांचं वाजवणं तुझ्याकडं आसंल बघ मोबाइलात. आमच्याकडं नाय कुणाकडं. त्यांची जागा मोकळी ठेवू, पखवाज ठेवू आन् तुझं रेकॉर्डिंग लावू. तेवढं चांगलं करून पाठव."

चांगलं करून म्हणजे पुढचं-मागचं बोलणं कापून. न वाढवणारं वगळून. त्यात ज्ञानेशचा हात कोण धरणार! रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं मुलीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बुवांचं शेवटचं रेकॉर्डिंग त्यात घेतलं. लॅपटॉपला त्याची सवय माहीत नव्हती. ते मूळ लयीत सुरू झालं.

पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. मग ओसरी ऐकू आली, कोंबडी, लांबचा पंप. मग बुवांचा आवाज, चिमणीचा नव्हे, त्यांचा स्वतःचा, खर्जातला. "ज्ञाना, आज कणीक नवसाबाईनं मळून दिली बरं का. माझ्या डाव्या हाताला मळायला व्हईना. मुठीत जोरच येत नाय आठ दिस झाले. थंडीनं आसंल. पण मला वाजवताना कायतरी वंगाळ लागतंय. कुणाला इचारावं? हे भजनातले म्हणत्यात बुवा झकास. तू ऐक. डाव्याकडं ध्यान दे. आन् खरं सांग." मग कणीक थापल्याचा ओला आवाज, हातोडीचे ठोके, सूर लावणं. असं चार मिनिटं. हीच चार मिनिटं ज्ञानेश कापायला बसला होता.

मग चौताल सुरू झाला. बारा मात्रा, ठाय लय. आणि पहिल्याच 'धा'ला ज्ञानेशची पाठ ताठ झाली.

'धा' हा दोन्ही हातांचा बोल. उजवा आणि डावा एकाच क्षणी पडतात तेव्हा तो एक आवाज होतो. इथं तो एक नव्हता. उजवा आधी पडत होता आणि डाव्याचा घुमारा मागून येत होता. दोन जावा एका दारातून बाहेर पडताना एक जरा मागं रेंगाळावी, इतपतच. पण प्रत्येक 'धा'ला. सहाव्या मिनिटाला केसभर, दहाव्याला बोटभर, आणि शेवटी शेवटी तर लंगडा माणूस चालावा तसा ताल चालला होता. ज्ञानेशनं सवयीनं मोजलं. आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून मोजलं. सुरुवातीला सेकंदाचा दहावा हिस्सा, शेवटाला सहावा. मग त्यानं तेच दुप्पट वेगानं लावून पाहिलं. फट निम्मी झाली, आणि बसच्या खडखडाटात ती निम्मीही विरून गेली असणार. 'एक नंबर, हात अजून तोच.'

पल्लवी आत आली तर हा कपाळ धरून बसलेला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"डॉक्टरच्या वर होतो मी," ज्ञानेश म्हणाला. "डॉक्टरकडे ते गेलेच नाहीत. माझ्याकडे आले होते."

आधी दाखवलं असतं तर बुवा वाचले असते का, हे कुणी छातीठोक सांगणार नाही. पण एकोणीस दिवस हातात होते. एकोणीस दिवसांचे सेकंद किती, हे ज्ञानेशनं मनात नको नको म्हणताना करून टाकलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आता तर आणखी एक पेच होता. रेकॉर्डिंग सावळीरामांना दिलं तर कान असलेल्या कुणालाही ते ऐकू येईल, सगळ्यांत आधी नवसाबाई मावशींना. आणि खाली ज्ञानेशचा अंगठाही बुवांच्या मोबाइलात होताच. नाही दिलं तर कुणाला काहीच कळणार नाही. 'बुवांचं काही सापडलं नाही' असं म्हणायला तीन सेकंद लागतात.

त्या तीन सेकंदांत सुटका होती. आणि ती त्याला हवी होती, हे कबूल करायला हवं. रविवारची उरलेली दुपार त्यानं ते वाक्य मनात घोळवण्यात घालवली.

सोमवारी त्यानं रजा टाकली. सकाळी पल्लवी स्वयंपाकघरात आली तर हा परातीत कणीक मळत उभा. बिनमिठाची, बिनतेलाची. "हे काय?" ती म्हणाली. त्याला नीट सांगता येईना. त्या घरी तो जन्मात कधी रिकाम्या हातानं गेला नव्हता, एवढंच त्याला आठवत होतं.

मखमलाबादची गल्ली आता अर्धी सिमेंटची झाली आहे, पण बुवांची ओसरी तीच होती. नवसाबाई मावशी शेवंतीचा ढीग पुढ्यात घेऊन हार ओवत बसल्या होत्या. माणूस गेलं म्हणून फुलं यायची थांबत नाहीत. खुंटीवर पखवाज गवसणीत टांगलेला. ज्ञानेशनं पाया पडून कणकेचा डबा पुढं ठेवला.

मावशींनी झाकण काढून पाहिलं. "आता कणीक कशाला आणली रे? कोण लावणार?" म्हणाल्या, पण डबा बाजूला सारला नाही, मांडीशी ओढून घेतला. "बस. सावळीरामदादा म्हणत व्हते, तू यांचं वाजवणं देणार हायेस म्हणून. दिलंस का?"

"नाही दिलं, मावशी."

"का रं?"

तीन सेकंदांचं ते वाक्य जिभेवर आलं. ज्ञानेशनं ते गिळलं. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, ते कार्तिकात त्यांनी मला पाठवलं होतं ना, ते मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. धड ऐकलं नव्हतं. नुसतं कळवलं, एक नंबर म्हणून."

मावशींची सुई थांबली नाही. "ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्यांनीच सांगितलं. तुझं उत्तर आलं तव्हा इथंच बसले व्हते, त्या भिंतीवरच्या घड्याळापुढं. हसले. मला म्हणले, चौदा मिन्टांचं वाजवणं आन् सातव्या मिन्टाला उत्तर! दुगुणीत ऐकलं आपल्या ज्ञानानं."

ज्ञानेशला ओसरीची जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यभर मात्रा मोजणाऱ्या माणसाला त्यानं वेळेत फसवायला पाहिलं होतं, आणि ते त्यांना सातव्या मिनिटालाच कळलं होतं. "रागावले नाहीत?"

"रागावतील कशाला? म्हणले, कामात आसंल पोरगं. निवांत झालं का ठायीत ऐकंल. मंग खरं सांगंल. त्याच्या कानाला फसवता येत नाय." मावशींनी एक फूल हातात घेतलं, त्याचा देठ खुडला. "मी म्हणलं, तवर डॉक्टरला दाखवून येऊ. तर म्हणले, थांब, ज्ञानाचं येऊ दे. रोज सांजच्याला पूजाला मोबाइल दाखवायचे. बघ गं, ज्ञानाचं काय आलं का."

ज्ञानेश पुढं सरकला आणि मावशींच्या पायांशी वाकला. मावशींनी पाय मागं घेतले.

"पाय नगं धरू. मला पायाचं काय करायचं? ते हाय ना तुझ्या मोबाइलात? लाव. माझ्यासंगं ऐक. कापूनबिपून नको, आख्खं."

त्यानं मोबाइल ओसरीच्या कठड्यावर ठेवला. वेग मूळचा आहे ना ते दोनदा बघितलं. श्वास, कोंबडी, पंप. 'आज कणीक नवसाबाईनं मळून दिली बरं का' हे आलं तशी मावशींनी सुई खाली ठेवली आणि पदर तोंडाशी धरला. मग कणीक थापल्याचा आवाज, मग ठोके. चौताल सुरू झाला. चौदा मिनिटं दहा सेकंद किती लांब असतात हे ज्ञानेशला त्या दिवशी कळलं. त्यातला एकही सेकंद त्याला कशानं भरता येईना. मधे कंपनीचे दोन फोन येऊन गेले, ते पडद्यावर नुसते चमकले. शेवटचे 'धा' आले, एकेक फुटलेला. आणि थांबलं. बुवांचा आवाज पुन्हा एकदा आला, धाप लागलेला. "झालं. सांग आता."

मग मावशींनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. "ते इचारत्यात. सांग की."

इथंही पुन्हा वाट होतीच. म्हातारीला काय कळतंय, तिला कशाला दुःख, म्हणावं ठीक होता हात, वयाच्या मानानं झकास होता. त्यात मायाही दिसली असती. ज्ञानेशला ती वाट दिसली आणि ती कुठून फुटते तेही दिसलं. ती बसमधूनच फुटली होती.

"डावा मागं पडतोय, मावशी," तो म्हणाला. "पहिल्या धापासून. आणि वाढत गेलाय. हे वयाचं नव्हतं. हे तेव्हा ऐकलं असतं तर मी त्याच दिवशी गाडी काढून आलो असतो. त्यांना उचलून नेलं असतं."

मावशींनी हळूहळू मान हलवली. आश्चर्य त्यांच्या तोंडावर नव्हतंच. त्यांनी मांडीशी धरलेल्या डब्यात बोट घालून कणीक दाबून बघितली, सैल आहे की घट्ट ते.

"मला ऐकू येत व्हतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं ऐकतेय मी, चुलीपाशी बसून. आठ दिस आधीपासून सांगत व्हते, अवो तुमचा डावा मागनं येतोय, काय तरी झालंय. तर हसायचे. म्हणायचे, तू कणीक मळ, तालाचं तुला काय ठाऊक." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तू एकदा म्हणला आसतास ना ज्ञाना, तर माझं खरं झालं आसतं."

आणि त्यांनी सुई उचलून पुढचं फूल ओवलं.